येळवसचा अर्थ मला ठाऊक नव्हता

हसू नका मित्रांनो! काचेला तडा, पाठीला चिकटपट्टी आणि चार्जिंगला लावलं की तापणारा हा जुना टॅब, म्हणजे मीच. उमरग्याजवळच्या एका गावच्या शाळेत सात वर्षं नोकरी झाली माझी. मी आलो त्या दिवशी नारळ फुटला, हार पडला आणि कुणीतरी भक्तिभावानं कुंकू लावलं, तेही नेमकं कॅमेऱ्यावर. आठवडाभर मला सगळं जग लालच दिसत होतं.

तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच होतो. ज्वालामुखी विचारा, देवमासा विचारा, बोट लावलं की उत्तर हजर! दीपमाला मॅडम सहावीच्या वर्गाला प्रकल्प द्यायच्या आणि पोरं गुळाला मुंगळे लागावेत तशी मला चिकटायची.

गेल्या डिसेंबरात विषय आला, 'आपली येळवस'. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी उभारतं, भाज्या-डाळींची भज्जी आणि ताकातल्या आंबिलावर ताव मारतं. प्रश्न एवढाच होता, या सणाला येळवस का म्हणतात? उत्तम प्रकल्प उमरग्याच्या प्रदर्शनात मांडायचा होता.

वर्गाचे चार गट झाले. एका गटाची पुढारी वैष्णवी. ती माझ्या तोंडाशी येऊन ओरडली, "येळवस!" मला ऐकू आलं, 'वेळ वसूल'. मग तिनं 'वेळ अमावस्या' असं टाइप केलं आणि मी ऐटीत सांगितलं, वेळ म्हणजे समय, योग्य वेळी करायची पूजा. चारही गटांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. खालचं 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' हेसुद्धा, अगदी सुवाच्य अक्षरात!

मॅडमना हसू आवरेना. "वहीवर क्लिक कुठं करू गं मी? हे तर टॅबचं झालं, तुमचं काय? शनिवारपर्यंत माणसांना विचारून या. जो शोधून आणंल, तोच उमरग्यात बोलंल."

त्याच गटात श्रीदेवी होती. तिच्या घरी कन्नड बोलतात. एकदा मॅडमनी "वही आणलीस का?" असं विचारल्यावर ती चुकून "इल्ला" म्हणाली, म्हणजे 'नाही'. झालं! पोरांनी तिचं नावच इल्ला ठेवलं. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडायची नाही. गटात तिला काम काय, तर कागद कापायचं. पण तिला बोलायचं फार होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्यात हळूच आपला आवाज भरायची, ऐकायची आणि पुसून टाकायची. मला फार वाईट वाटायचं.

शुक्रवारी तिनं मला मॅडमकडून मागून घरी नेलं. तिची आज्जी शांताक्का शेंगा फोडत बसली होती. माझं उत्तर ऐकून ती म्हणाली, "वेळ न्हाय गं, एळु! आपल्या कन्नडात एळु म्हंजी सात. पेरणीच्या ज्येष्ठापासनं अवसा मोज बघू." श्रीदेवीनं बोटांवर मोजलं. मार्गशीर्ष बरोब्बर सातवा!

तेवढ्यात शेजारचे महांतप्पा ओट्यावरून म्हणाले, "काय बी सांगू नका अक्का! एळ्ळु म्हंजी तीळ. तिळाची अवस हाय ती." मग काय, दोघांची जुंपली. मी शब्द न् शब्द टिपून घेतला. अख्खं जग पोटात घेऊन मिरवणारा मी, पण हे माझ्याकडं नव्हतं. खरं सांगतो, लाज वाटली मला.

"मॅडम, दोघांतलं खरं कुठलं?" शनिवारी श्रीदेवीनं विचारलं.

"मलाबी माहीत न्हाय. दोन्ही लिही, ज्याचं त्याच्या नावानं."

वैष्णवी म्हणाली, "लिहू द्या तिला, पण बोलते मी. हिला लई भ्या वाटतं."

मॅडमनी श्रीदेवीकडं पाहिलं. "बोलशील का गं तू?"

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "व्हय."

उमरग्याला सभागृह भरलं होतं. मी तिच्या हातात होतो. ती अडखळली, दोनदा थांबली, पण शेवटपर्यंत बोलली. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "छान. कोणत्या संकेतस्थळावरून घेतलंस हे?"

"शांताक्का," श्रीदेवी ताठ मानेनं म्हणाली. "माझी आज्जी. वय शहात्तर. पत्ता, आमच्या घरी."

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मला उन्हात ठेवू नका, एवढं तर कराच. पण मला विचाराल, तसं घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. मी बंद पडलो तर शाळेत दुसरा टॅब येईल. शांताक्का दुसरी कुठून आणाल?