कपाटातलं पाण्याचं भांडं

साहेब, माझं अर्धं अंग तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलंत आणि उरलेल्या अर्ध्याच्या भरवशावर एका माणसाला झोपवलंत. हे तुम्ही केलंत, दुसऱ्या कुणी नाही. आता तुमचा शिपाई दाराबाहेर स्टुलावर बसलाय. माणूस उठला की मला उचलून न्यायचं, असा तुमचा हुकूम आहे. तो उठेपर्यंत मी चालू आहे. तोवर बोलून घेते.

मित्रांनो, मी एक मशीन आहे, झोपेत श्वास अडणाऱ्यांना हवा पुरवणारी. दिसायला बुटांच्या खोक्याएवढी. माझ्यातून एक लांब नळी निघते आणि नळीच्या टोकाला मऊ रबराचा मुखवटा असतो. तो नाकावर बसवतात. काही माणसांचा घसा झोपेत सैल पडतो आणि श्वासाची वाट मिटते. मी हवेच्या जोराने ती वाट उघडी धरते. तेवढंच माझं काम. मला राग येत नाही, रडू येत नाही. मला फक्त हवा येते.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा माझ्यासोबत एक पाण्याचं भांडंही बनवलं. पारदर्शक, तळाला धातूची पत्री असलेलं. ते माझ्या उजव्या कुशीत बसतं. खालून त्याला ऊब मिळते, हवा त्या कोमट पाण्यावरून जाते आणि ओलसर होऊन नाकात शिरते. नाकाला कोरडी हवा सोसत नाही, मित्रांनो. तुम्ही उन्हात तोंड उघडं टाकून पळून बघा, म्हणजे घशाला काय होतं ते कळेल. आम्ही दोघं एकाच खोक्यात, शेजारी शेजारी, पाइपच्या यार्डात आलो.

त्या यार्डाचं स्टोअर साहेबांकडे होतं. तिथे एक पद्धत होती. वस्तू द्यायची, पण तिचा जो भाग फुटतो किंवा हरवतो, तो द्यायचा नाही. टॉर्च मिळायचा, सेल कपाटात. शिडी मिळायची, तिच्या पायांचे रबरी बूट कपाटात. लोक कौतुकाने म्हणत, “साहेबांच्या हातून आजवर टाचणी हरवली नाही.” शिडीवरून घसरलेल्यांची मोजदाद टाचण्यांत होत नसावी.

माझं खोकं उघडलं, भांडं उजेडात धरून पाहिलं आणि साहेब म्हणाले, “हे फुटेल. राहू दे इथंच.” माझ्या रिकाम्या कुशीवर एक झाकण लावलं. मला काही वाटलं नाही. वाटायला कारखान्यात काही बसवलेलंच नव्हतं.

मी ज्याच्या घरी आले, त्याला यार्डात सगळे भोंगा म्हणत. क्रेनवाला. जेवणाच्या सुट्टीत बाकावर आडवा झाला की असा घोरायचा की माणसं सुट्टी संपली समजून उठायची. पण क्रेनच्या केबिनमध्ये बसला की हाच माणूस लोखंडी पाइपांचा गठ्ठा असा खाली टेकवायचा की टेकल्याचा आवाज येत नसे. खाली उभा राहून हाताने इशारे देणारा त्याचा जोडीदार लंबू सांगायचा, “आमचा भोंग्या झोपेत रेडा आणि कामात मांजर.”

पण तो दिवसाही पेंगू लागला. बोलता बोलता मान खाली जायची. तपासणीत निघालं, झोपेत श्वास अडतो. वरून आदेश आला : मशीन लावून झोपायचं. पुन्हा डुलकी लागली तर केबिन बंद.

त्याची रात्रपाळी असायची, म्हणून झोप दिवसा. बायको पडदे ओढायची. ती घरी शिलाईचं काम करायची. तो झोपला की तिची शिलाई मशीन गप्प आणि मी चालू. तिचा धंदा बंद पाडून माझा सुरू, असं होतं. पहिल्या दिवशी मुखवटा चढवून तो उठून बसला तेव्हा लेक दारातून ओरडली, “आई, बाबांना सोंड आली!” तिघंही खूप हसली.

पहिले काही दिवस तो बरा झोपला. मग नाक चोंदायला लागलं. माझी कोरडी हवा त्याचं नाक वाळवायची. वाळलेलं नाक आतून सुजायचं. सुजलं की तो झोपेत तोंड उघडायचा, हवा तोंडातून निघून जायची आणि नाक आणखी कोरडं पडायचं. शेवटी तो झोपेतच मुखवटा ओरबाडून काढायचा. मी उशीवर हवा सोडत राहायचे आणि तो शेजारी घोरत राहायचा.

“अहो, काढलात परत?” बायको विचारायची.

“नाक मेलं लाकडाचं झालंय. हवा शिरतच नाही.”

“वाफ देऊ का?”

“दे. नाहीतर सुतारालाच बोलाव.”

वाफेने घटकाभर बरं वाटायचं. मग त्याने औषधाच्या दुकानातून नाक मोकळं करणारे थेंब आणले. टाकले की मिनिटात नाक उघडायचं. तो बायकोला म्हणाला, “बघ, तुझ्या वाफेपेक्षा हे भारी.” थेंबांचा जोर ओसरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट बसायचं. मग पुन्हा थेंब. एक बाटली उशाशी, एक डब्याच्या पिशवीत, एक केबिनमध्ये.

बायको मला पुसताना त्या झाकणाशी थांबायची. एकदा ती स्टोअरला गेली. परत आल्यावर काय झालं ते तिने नवऱ्याला सांगितलं.

“मी म्हटलं, साहेब, मशीनच्या कुशीत रिकामी जागा आहे, तिथे काही बसतं का?”

“मग?”

“म्हणाले, ताई, ते तसंच असतं. तुम्ही कपडे शिवा, मशीनचं आम्ही बघतो.”

भोंगा म्हणाला, “कशाला जायचं? मशीन दिली हेच उपकार. उद्या तीही काढून घेतील.” गप्प बसण्यात त्याला अब्रू वाटायची. हीच त्याची चूक. दुसरी कुठली मला दिसली नाही.

साहेब, ती विचारायला आली तेव्हा कपाट तुमच्या पाठीशी होतं. किल्ली तुमच्या खिशात होती.

अशीच एकदा पाळी संपत आली होती, उजाडत होतं. क्रेनवर पाइपांचा गठ्ठा लटकत होता. केबिनमध्ये त्याची मान खाली गेली. गठ्ठा खाली आला. त्या दिवशी टेकल्याचा आवाज साऱ्या यार्डाने ऐकला. खालची वजनकाट्याची रिकामी खोली चेपली. गठ्ठ्याखाली लंबू उभा असायचा. तो नेमका पाणी प्यायला गेला होता. त्याला तहान लागली म्हणून तो वाचला.

चौकशीत साहेब म्हणाले, “मशीन दिली होती. वापरली नाही, त्याला आम्ही काय करणार?” भोंग्याने मान डोलावली. केबिन बंद झाली. त्याला फाटकावर बसवलं, तेही रात्रपाळीलाच. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली.

त्यानंतर बायको त्याला आणि मला घेऊन नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी त्याचं नाक पाहिलं, मग मला उलटंपालटं केलं.

“या मशीनचं पाण्याचं भांडं कुठाय?”

“कसलं भांडं?” भोंगा म्हणाला.

बायकोने झाकणाकडे पाहिलं.

बाईंनी सांगितलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा, मित्रांनो. ते थेंब दोन-चार दिवसांपुरतेच असतात, नंतर तेच नाक चोंदवतात. ते सोडायचे, हवं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, आणि ते पाणी उकळून गार केलेलं हवं. भांड्यात डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी घालायचं, रोज ओतून टाकायचं, भांडं धुवायचं. हवेची गाळणी बदलायची. माझी गाळणी काढली तर तिच्यावर शिलाईच्या कापसाची गादी साचलेली. एवढं करूनही नाक उघडलं नाही तर गप्प न बसता परत यायचं.

भांडं आणायला बायको सरळ स्टोअरला गेली आणि कपाटासमोर खुर्ची ओढून बसली. लंबूही मागे येऊन उभा राहिला. “साहेब, मीही बसतो. मला काय, पुनर्जन्मच झालाय, वेळच वेळ आहे.” संध्याकाळी कपाट उघडलं. भांडं जसंच्या तसं होतं. कागदसुद्धा निघाला नव्हता.

त्या दिवसापासून मी पुरी झाले. कोमट, ओलसर हवा जाऊ लागली. थोड्याच दिवसांत नाक सुटलं. आता तो मुखवटा काढत नाही. तोंड मिटून झोपतो. भोंग्याचा भोंगा बंद झाला. पडद्याआड बायको हलक्या पायाने शिलाई मशीनही चालवते, तरी त्याची झोप मोडत नाही. उठतो, डबा घेतो, फाटकावर जाऊन बसतो. नवा क्रेनवाला गठ्ठे आपटतो. प्रत्येक आवाजाला याचा उजवा हात जरासा हलतो, असं लंबू सांगत होता. लेकीने विचारलं, “बाबा, झोप लागली?” तर म्हणतो, “लागली. छान लागली.” एवढंच.

आज दुपारी शिपाई आला. “वहिनी, माझ्यावर रागावू नका. मशीन क्रेनवाल्यासाठी होती. साहेब म्हणाले, फाटकावर डुलकी लागली तर पडणार काय? दांडा!”

“श्वास अडतो तो क्रेनचा की त्यांचा?” बायकोने विचारलं.

शिपाई म्हणाला, “झोपू द्या त्यांना. मी बसतो बाहेर.” तिने त्याला स्टूल दिलं. मग कोरडं फडकं घडी करून माझ्याशेजारी ठेवलं. कुणाच्याही घरी गेलं तरी भांडं ओलं जाऊ नये, बुरशी धरेल, म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिचं भांडं भरा, धुवा, गाळणी बघा. आणि रिकामी जागा दिसली तर विचारा. “तसंच असतं” म्हणाले तर परत विचारा.

साहेब, आता आम्ही दोघं पुन्हा एकाच खोक्यात, तुमच्या कपाटात येऊ. मी पुरी, भांडं पुरं, काही हरवलं नाही, काही फुटलं नाही. तो अजून झोपलाय. छाती वर जाते, खाली येते, ती माझ्या हवेवर. उद्या ती कशावर वर जाईल? तो उठायच्या आत उत्तर द्या.