एकशे चाळीस पाट

गोव्यात कारापूरला दत्तारामबाबांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, दोन वर्षांमागे एकशे चाळीस पाट आले होते. आमच्याकडे घरचा पाट श्रावणाआधीच मूर्तिकाराकडे पोचवतात आणि चवथीच्या आदल्या दिवशी त्यावर बसलेला गणपती घरी आणतात. कागद नाही, पावती नाही. पाट दिला म्हणजे झालं.

दत्तारामबाब एकट्याने काम करत. त्यांची बायको कमलाक्षी माती मळून द्यायची, तेवढंच. मूर्तीला दुसऱ्याचा हात लागला की ती दोन मनांची होते, असं ते म्हणत. आणि त्यांच्या मूर्ती बघून कोणाला वाद घालावासा वाटत नसे.

चवथ चोवीस दिवसांवर असताना ते अंगणातल्या शेवाळावरून घसरले. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. शाळेत शंभर मूर्ती वाळून रंगाची वाट बघत होत्या आणि चाळीस पाट अजून कोरेच होते.

दोन दिवस ते त्या कोऱ्या पाटांसमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी कमलाक्षीला म्हणाले की सगळ्यांना फोन कर, आपापले पाट घेऊन जा म्हणावं, दुसरी शाळा बघा. तिने फोन आणून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"पाट न्या म्हणायचं की हात द्या म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्यांनी पहिला फोन सगुणला लावला. सगुण मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवर डंपर चालवायचा. पावसात खाण बंद, म्हणून घरीच होता.

"सगुण, माझा हात मोडला. एकट्याने होणार नाही. येशील?"

सगुणने एवढंच विचारलं, "किती वाजता येव?"

संध्याकाळपर्यंत अकराजण जमले. शेजारी म्हणून मीही गेलो. पण पहिला दिवस वायाच गेला. दत्तारामबाबांना जे ठाऊक होतं ते हातांना ठाऊक होतं, जिभेला नाही. "जरा असं," ते म्हणत, "नाही, तसं नको," आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. सहा मूर्ती मोडल्या. ते उठून आत गेले, तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं.

ते स्वयंपाकघरात गेले होते. परत आले ते शब्द घेऊनच. रंग पेजेच्या निवळीएवढा पातळ हवा, माती तांदळाच्या भाकरीच्या उकडीसारखी मऊ हवी. कान लावताना दोन्हीकडची माती ओली करून, लहान मुलाचा कान पुसतो तेवढ्याच जोराने दाबायचा. आता सगळ्यांना समजलं. आठवड्याभरात माणसं तीसच्या वर गेली. कोणी सकाळी कामावर जाण्याआधी तास देई, कोणी सुटीचा सगळा दिवस.

डोळ्यांना मात्र कोणी हात लावेना.

गावातली सेजल आपल्या घरचा पाट कुठवर आला ते विचारायला आली होती. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात ती भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढे भाग जोडते. दत्तारामबाबांनी तिला ब्रश धरायला सांगितलं आणि टोक किती हलतं ते पाहिलं. हलत नव्हतं.

"काका, मला चित्र काढता येत नाही."

"चित्र नको. मी सांगतो तिथे टेकव आणि श्वास सोडताना ओढ."

तिने दोन्ही डोळे आखले. ते मूर्तीसमोर वाकून दोन्ही डोळे निरखत राहिले. सेजलने ब्रश खाली ठेवला.

"माझ्यासारखे नाहीत," ते शेवटी म्हणाले. "पण बघतायत."

तिने मैत्रिणींशी पाळ्या बदलून घेतल्या. रोज दुपारी ती डोळे आखायची आणि ते शेजारी स्टुलावर बसून तिच्याबरोबर श्वास सोडायचे. मोठा माणूस स्वतःच्या विद्येपासून एवढा बाजूला होऊन बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

चवथीच्या आदल्या दिवशी एकशे चाळीस घरांचे गणपती गेले. सगुणने आपल्या घरच्या पाटावर केलेल्या मूर्तीची सोंड वाकडी झाली होती. तो ती मागे सरकवून ठेवत होता, तोच दत्तारामबाबांनी ती आपल्या घरच्या पाटासाठी मागून घेतली आणि पडण्याआधी स्वतःसाठी घडवलेली मूर्ती सगुणच्या घरी पाठवली. वाकड्या सोंडेच्या गणपतीची त्यांनी पाच दिवस पूजा केली.

हात बरा झाला, फक्त करंगळी पुरती मिटत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पाट यायच्या आधीच सगळ्यांना फोन केले. आता शाळेत नऊजण बसतात. निम्मे डोळे अजून सेजलच आखते. चुकलं तर दत्तारामबाब सांगतात, आणि चांगलं झालं तर तेही सांगतात.