रांजणातली हाक

काठावरची वेल छाटताना कोयता हातातून निसटून रांजणात पडला, तेव्हाच नाफ्तालीनं शहाणपणा दाखवायला हवा होता. पण कोयता नवाकोरा, पाण्यात गंजेल म्हणून हा पन्नाशीचा गडी शेजारी पडलेल्या दगडी झाकणावरून काठावर चढला आणि आत उतरला. पूर्वजांच्या हाडांसाठी अख्ख्या शिळेतून कोरलेला तो रांजण. कोयता सापडला, बाहेरची वाट मात्र सापडेना. काठ हात उंचावूनही वीतभर वर, भिंतींना शेवाळ, मांडीपर्यंत पाणी. कोयत्यानं पाय ठेवायला खाचा पाडता आल्या असत्या, पण पूर्वजांच्या दगडाला लोखंड लावायची त्याची छाती होईना.

मग त्यानं हाका मारल्या. शेजारचा येरेमिया म्हशी घेऊन चालला होता, आवाज ओळखून त्याला नावानं हाक मारली. येरेमिया ओ न देता पळत सुटला. त्यांच्या बेसोआ खोऱ्यात रांजणातून नावानं हाक आली की ओ देत नाहीत. दिली तर मेलेले सोबत नेतात. हे पोरासोरांना रंगवून सांगायचं काम नाफ्तालीचंच. करावे तसे भरावे.

ऊन कलंडलं. पाय बधिर झाले. आपण इथंच मरणार आणि मग कायम इथूनच हाका मारणार, असं त्याला वाटू लागलं.

तेवढ्यात ओळखीचा खोकला ऐकू आला. बायको शोधायला आली होती.

"सेल्फिना," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून तिला 'ए'शिवाय हाक नव्हती. "सेल्फिना, बाई माझी, तुझ्यावाचून मला कोण आहे गं?"

बाहेर हुंदका फुटला. ओ आली नाही. काठावरून मेलेल्यांना वाहायची सुपारी आत आली आणि बरोबर त्याच्या टकलावर आदळली.

"ए! डोळे फुटले का तुझे? डोकं फोडतेस की काय?"

झाकणावर चढून सेल्फिनानं आत डोकावलं. तोंड रडून सुजलेलं.

"जिवंत आहात होय," ती म्हणाली. "गोड बोललात ना, म्हणून वाटलं, गेलात."

"दोर आण आधी."

"आणते." पण ती हलली नाही. "मघाचं ते पुन्हा एकदा म्हणा. जिवंतपणी."

नाफ्तालीनं तोंड उघडलं. मघाशी सहज निघालेले शब्द आता काही केल्या येईनात.

"सेल्फिना," एवढंच तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

"ओ," ती म्हणाली, आणि दोर आणायला धावली.