झाकण कोणी वाजवायचं

दोन माणसांनी टीव्ही चर्चच्या पायऱ्यांवरून वर आणला, तेव्हा आयोनी दाराशी बसून फुलांचे देठ कापत होती. टीव्ही मोठा होता, नाक्यावरच्या दुकानातला. वर चादर टाकलेली, त्यामुळे क्षणभर तो आणखी एक शवपेटीच वाटला. आयोनी उठून बाजूला झाली. माणसं आत गेली. वेदीच्या डावीकडे, जिथे रविवारी गाणारे उभे राहतात, तिथे एका टेबलावर त्यांनी तो ठेवला, आणि त्यांतला एकजण वायर हातात घेऊन पंख्याचा प्लग शोधू लागला.

"हे काय?" आयोनीने विचारलं.

क्लेमी आत्या त्यांच्यामागून धापा टाकत आली होती. अंगात काळा झगा, डोक्याला मात्र देशाच्या झेंड्यातल्या रंगांचा हिरवा-पिवळा रुमाल. दोन वर्षांनी थोरल्या असलेल्या भावाच्या, आयोनीच्या पपांच्या, मयतीला असा रुमाल बांधणारी बाई दुसऱ्या गावात वेडी ठरली असती.

"काय म्हणजे? रेडिओवर भागवायचं म्हणतेस? लॅसेल्सने जन्मात कधी रेडिओवर भागवलं नाही." तिने रुमालाच्या टोकाने मान पुसली. "बायकांची चारशे मीटरची फायनल सव्वादोनला आहे. तेवढा वेळ पास्टर थांबणार आहेत. मी सांगून ठेवलंय त्यांना, प्रवचनात स्वर्गाचं दार अर्धं उघडलं असेल तरी ओढून घ्या, नंतर उघडा."

मग तिने आयोनीच्या गालावरून हात फिरवला. "तारीख बाकी तू अचूक धरलीस. मला नसतं सुचलं. आपल्या माणसाला फायनलच्या दिवशी पोचवायचं. बापाची लेक शोभतेस."

आयोनीच्या हातात एक देठ होता. तो तिने कापला. मग आखूड झालेला देठ पुन्हा कापला. तोंड उघडून ती काही बोलणार, तोवर आत्या आत वायरवरून त्या दोघांना झापायला निघून गेली होती.

तारीख तिने धरली नव्हती. बर्मिंगहॅमच्या ज्या इस्पितळात ती औषधविभाग सांभाळत होती, तिथून रजा मिळाली, विमानात जागा मिळाली, आणि इथे गावी, स्प्रिंग गॅपमध्ये, दफन शनिवारीच होतं म्हणून शनिवार. जागतिक स्पर्धा चालू आहेत हे तिला ठाऊकही नव्हतं. इस्पितळाच्या चहाच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर कोणीतरी धावत असायचं. ती कप विसळून परत जायची.

बुधवारी घरी आल्यापासून माणसं येत होती. अंगणात कबर बांधणाऱ्या गवंड्यांनी तिला बघून रमचे पेले उंचावले होते. वरच्या वाडीतल्या एका म्हातारीने तिचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, त्याला केवढं समाधान वाटलं असेल. हे सगळं सांत्वन आहे असं समजून आयोनी मान हलवत आली होती. आता त्यातलं एकेक वाक्य तिला पुन्हा ऐकू येऊ लागलं.

एक बर्टीकाका तेवढे काही बोलले नव्हते. एग्बर्ट रेनफर्ड, पपांचे खालच्या घरातले शेजारी. जन्मभर दोघे एकाच टेबलावर डॉमिनो खेळले आणि एकमेकांना लबाड म्हणत आले. गेले तीन दिवस ते सकाळी येत, कबरीचं सिमेंट कालवत, आयोनीकडे प्यायला पाणी मागत आणि भांडं पालथं घालून जात. पोरी, कशी आहेस, एवढंही नाही.

एक वाजता चर्च भरलं. कोनफळाच्या शेतांतून, बाजाराच्या गावातून, पपांची शाळेची बस ज्या ज्या वळणावर थांबायची त्या प्रत्येक वळणावरून माणसं आली होती. काळ्या कपड्यांवर हिरवे-पिवळे पट्टे होते, आणि बाकांच्या खाली, प्रार्थनेच्या पुस्तकांशेजारी, पातेल्यांची झाकणं होती. आयोनीने ती पाहिली आणि नजर वळवली.

झाकणांचं तिला माहीत होतं. ते स्प्रिंग गॅपच्या कोणाही पोराला माहीत असतं. मैदानावर आपलं कोणी जिंकलं की पहिलं झाकण टेकडीवरच्या टलकच्या, म्हणजे आयोनीच्याच, घरात वाजायचं. मग खालच्या घरात, मग नाक्यावर, आणि तिथून दरीत उतरत पार पुलापर्यंत. टलकच्या आधी कोणी वाजवत नसे. यजमानाने घास घेतल्याशिवाय जेवायला सुरुवात करू नये, तसं ते होतं. लहानपणी ती अंथरुणात उशीखाली डोकं घालायची.

आत्याने बाकावर तिच्या शेजारी बसताना पिशवीतून पपांचं झाकण काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. जाड, मधोमध चेपलेलं.

"आज तू सुरू करायचंस," आत्या म्हणाली.

तेव्हाही सांगता आलं असतं. पण ऑर्गन सुरू झाला.

तिचं नाव पुकारलं तेव्हा ती पुढे गेली आणि लिहून आणलेलं वाचू लागली. पपांनी बस कधी कोणाला सोडून नेली नाही. पपा आईच्या आजारपणात स्वयंपाक शिकले आणि तो कोणालाच खाववला नाही. लोक हसले. कागद संपला तरी लोक बघत राहिले. पुढच्या बाकावरच्या एका बाईने धीर देत मान हलवली. अजून काही आहे ना, सांग ना, अशी. टीव्हीवरची चादर काढलेली होती. पडद्यावर आवाज बंद करून दूरच्या कुठल्याशा शहरातलं झगझगीत मैदान दिसत होतं.

"पपांना आजचा दिवस आवडला असता," आयोनी म्हणाली.

हे खोटं नव्हतं. चर्चभर आमेन उठलं, आणि तिला कळलं की खरंही नव्हतं. शेवटच्या बाकावर बर्टीकाका मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

सव्वादोनला पास्टर हिब्बर्टनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि खुर्ची टीव्हीकडे वळवली. आवाज चढवला गेला. आठ मुली आपापल्या जागी उभ्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या अंगात आपले रंग होते, एवढं आयोनीला ओळखता आलं. बाकीचं चर्च त्यांना नावाने ओळखत होतं. एकीचा गुडघा मार्चमध्ये दुखत होता, दुसरीने प्रशिक्षक बदलला ते बरं केलं. दबक्या आवाजात शेजाऱ्याच्या पोरींबद्दल बोलावं तसं बोलणं चाललं होतं. शवपेटी मधोमध होती. कोणीतरी येऊन ती थोडी तिरकी केली, पडद्याच्या दिशेने. पास्टरनी पाहिलं आणि स्वतःची खुर्ची जरा बाजूला घेतली.

बंदूक वाजली. पहिल्या वळणावर कोणी श्वास घेतला नाही. समोरच्या सरळ पट्ट्यावर आपली एकजण पुढे होती, बाक करकरले, माणसं अर्धी उठली. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना कडेच्या पट्ट्यातली एक बारीक अंगाची मुलगी, निळ्या पोशाखातली, हळूहळू पुढे सरकली, जणू घाई कसलीच नव्हती. आणि मग ती एकटीच पुढे होती. आपल्या दोघी तिसऱ्या आणि पाचव्या आल्या.

अर्धी उठलेली माणसं खाली बसली. मागे कोणीतरी पुटपुटलं, शेवटच्या वळणाआधीच सगळं उधळलं तिने. दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

मग सगळे आयोनीकडे बघू लागले.

तिला वाटलं, हरलेली माणसं मयताच्या घरच्यांकडे बघतात तसं ते बघताहेत. मांडीवरच्या झाकणावर तिने दोन्ही तळवे पसरून ठेवले, त्याने चुकूनही आवाज करू नये म्हणून. पास्टरकडे पाहून तिने हलकेच मान हलवली: चालू द्या. पास्टरनी पुस्तक उघडलं नाही. कोणीच हललं नाही. पडद्यावर ती मुलगी गुडघ्यांवर हात टेकून उभी होती, आणि कोणीतरी तिच्या खांद्यावर एक झेंडा टाकत होतं, निळा, पिवळा, हिरवा. आपला नव्हता.

मागून एक ठोका आला.

बर्टीकाका उभे होते. डाव्या हातात झाकण, उजव्यात कालथा. ते कोणाकडे बघत नव्हते. पुन्हा ठोका, आणि पुन्हा, सावकाश, लांब अंतराने, दार उघडेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसासारखे. मग दरीकडच्या खिडकीजवळ दुसरं झाकण वाजलं, मग आत्याचं, मग सगळ्या चर्चचं, आणि शवपेटीवरची फुलं थरथरू लागली.

आत्या तिच्या कानाशी वाकली. "अगं, शेजारच्या एखाद्या धाकट्या बेटावरचं कोणी जिंकलं की तुझा बाप दुप्पट बडवायचा. सेंट व्हिन्सेंट काय, बार्बेडोस काय. समुद्र एकच आहे म्हणायचा, मग पोरी वेगळ्या कशा. विसरलीस?" मग तिने आयोनीचा चेहरा पाहिला. "असू दे. अशा दिवशी हात उचलवत नाहीत."

आयोनीने हात उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांचा ताल एक होता, तिला तो सापडला नाही.

पपांना घरामागे, आईच्या शेजारी ठेवलं. माणसं अंगणात पांगली. बोकडाच्या मुंडीचं सूप पातेल्यातून निघत होतं, डॉमिनोचं टेबल लागलं होतं, आणि हरलेल्या शर्यतीचा दोष कोणाचा यावर आता मोकळ्या गळ्याने भांडण चाललं होतं. बर्टीकाका कबरीपाशी एकटे होते. वरच्या फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरून ते थापीने गुळगुळीत करत होते. आयोनी सुपाचा वाडगा घेऊन गेली आणि उभी राहिली.

"काका, मला माहीत नव्हतं."

"काय?"

"आज फायनल आहे ते. आणि ते दुसऱ्या बेटांचं. काहीच."

"ठाऊक आहे." थापी थांबली नाही. "तुझी तारीख कळली तेव्हा दुकानात लोकांनी तुला शिव्या घातल्या. फायनलच्या दिवशी मयत ठेवलीय म्हणे, विलायतेत राहून पोरीचं डोकं फिरलं. निम्मे येणारच नव्हते. मी म्हटलं, गाढवांनो, तिने मुद्दाम ठेवलीय. बापासाठी. तेव्हापासून तू शहाणी."

आयोनीने वाडगा कबरीच्या कडेवर ठेवला. "मग माझ्याशी बोलत का नव्हता?"

"एकदा खोटं बोललो, झालं. रोज तुझ्या तोंडावर कुठे बोलू." त्यांनी बोटाने एका कोपऱ्यातलं जास्तीचं सिमेंट काढलं. "आणि रागही होता. तुला त्याने बोलावलं होतं ना, याच आठवड्यात?"

बोलावलं होतं. ईस्टरच्या सुमारास फोनवर पपा म्हणाले होते, ऑगस्टच्या शेवटाला येतेस का, जरा बरोबर बसू. ऑगस्टची रजा मुलंबाळं असलेल्यांना आधी देतात, असं तिने सांगितलं होतं. बरं, म्हणाले होते. बसून काय करायचं, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर तीच रजा तिला एका दिवसात मिळाली. लिहून देताना वरिष्ठ बाईंनी तिचा हात दाबला होता.

"पूर्वी शर्यत झाली की मला फोन यायचा त्यांचा," ती म्हणाली. "मी कामावर असायचे. मग यायचा बंद झाला. मला वाटलं, वयाप्रमाणे ते वेड कमी झालं असेल."

बर्टीकाका पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "कमी?" त्यांनी थापी फरशीवर ठेवली. "मग मला करायचा फोन."

"तुम्हाला? तुम्ही तर इथे खाली राहता."

"हो ना. त्याचं झाकण माझ्या घरात ऐकू यायचं. माझं त्याला. शर्यत मी माझ्या टीव्हीवर पाहिलेली असायची. तरी फोन वाजायचा. आणि पठ्ठ्या पहिल्या पावलापासून सगळी शर्यत सांगायचा, मी आंधळा असल्यासारखी. त्यातून धाकट्या बेटाची पोरगी जिंकलेली असली की विचारूच नको. त्यावरून आम्ही कायमचे भांडत आलो. मी आपल्याखेरीज दुसऱ्या कोणासाठी जन्मात झाकण वाजवलं नव्हतं, आज दुपारपर्यंत."

"मग फोनवर तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? हो का, म्हणायचो. बोलून संपेपर्यंत. मधेच फोन ठेवला तर त्याला कळायचं."

टेबलावर कोणीतरी डॉमिनोची सोंगटी आपटली आणि हशा झाला. बर्टीकाकांनी हात विजारीला पुसले, वाडगा उचलला आणि कडेवर टेकून एक घोट घेतला. आयोनी त्यांच्या शेजारी बसली. सिमेंट अजून ओलं होतं. तिच्या काळ्या झग्याच्या कडेला ते लागलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती आजची मुलगी. कोण ती?"

"सेंट व्हिन्सेंटची? वाऱ्याकडच्या किनाऱ्यावरची आहे. आई मासे विकते तिची." त्यांनी थांबून आयोनीकडे बघितलं, ती उठते की काय ते पाहायला. "शाळेत तिला आधी उंच उडीला घेतलं होतं."

"हो का," आयोनी म्हणाली.