बरी दिसतेस म्हणायचं नाही

इनेस अमरालला धावता येत होतं, आणि ही गोष्ट तिने आईपासून चोरून ठेवली होती.

इतर मुली घरी सिगारेट लपवतात, मित्र लपवतात. इनेस चिखल लपवत होती. तिची आई ग्रासा पहाटेच्या पाळीला बेकरीत गेली की ही मोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढायची (गोचिडीला आत शिरायला फट नको, त्या गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं) आणि घरामागच्या रानात सुटायची. जुन्या दगडी कुंपणाच्या कडेने, बर्फ वितळून झालेल्या राडीतून, थेट खाडीपर्यंत. नाक गळायचं, छाती जळायची, आणि पोटातून असं काही उसळून यायचं की ती एकटीच वेड्यासारखी हसत सुटायची.

हसू मात्र दाराबाहेरच राहायचं. घरात आल्यावर आधी अंगभर गोचीड शोधायची: काखेत, कानामागे, केसांत, गुडघ्याच्या वळणात. मग बूट तळघरात, बॉयलरच्या मागे. आणि आईची गाडी वाजली की जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी, उजवा पाय आखडलेला.

लंगडणं तिला उत्तम जमायचं. दोन वर्षं ती खरीच लंगडली होती.

चौदाव्या वर्षी तिला ती गोचीड चावली. खसखशीच्या दाण्याएवढी, कोणाला दिसलीसुद्धा नाही. शाळेच्या धावण्याच्या संघात निवड होऊन आठवडा झाला होता, पांढरे नवे बूट खोक्यातच होते, आणि गुडघा सुजून पपनस झाला. लाइमचा आजार. तीन आठवडे गोळ्या झाल्या. मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जंतू मेले, आता उरलेलं दुखणं हळूहळू जाईल, आणि नाहीच गेलं तर मुलीला मनाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणं गेलं नाही. इनेस अंथरुणाला खिळली, आणि ग्रासाने कंबर कसली. दुसऱ्या गावचा, महिनोन्‌महिने औषध देणारा डॉक्टर तिने शोधला. विमा कंपनीशी भांडली. चर्चच्या तळघरात आजाऱ्यांचा गट उभा केला. गटाच्या फलकावर इनेसचाच फोटो होता, उशीला टेकलेली, डोळे खोल गेलेली. खाली अक्षरं: ‘ही पायऱ्या चढू शकत नाही, आणि म्हणे हिला काही झालेलं नाही.’

गेल्या थंडीत दुखणं हळूहळू उतरलं. औषधाने, की काळाने, की उगाचच, देव जाणे. इनेसने वाट पाहिली, उलटेल म्हणून. उलटलं नाही. मग एका सकाळी तिने ते पांढरे बूट खोक्यातून काढले. अंगठ्याला चावत होते, पण पायात गेले.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण दर रविवारी चर्चच्या तळघरात शिरल्यावर सांगणार कसं? सगळ्यांच्या कोटांना गटाच्या हिरव्या फिती, टेबलावर ग्रासाने आणलेला गोड पाव, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ज्याचे त्याचे कप. या गटाचा एक नियम होता. कोणी कोणाला ‘बरी दिसतेस’ म्हणायचं नाही. डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, सासवांनी या दोन शब्दांनी त्यांना इतकं झोडपलं होतं की तळघरात ती शिवीच मानली जायची. जो म्हणेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. नियम ग्रासाचाच.

एका रविवारी म्हातारे मिस्टर ओडेल इनेसकडे बघता बघता बोलून गेले, “आज गालांवर काय रंग आहे पोरी, बरी दिस...” आणि जीभ चावली.

“ऐकलं हं मी,” ग्रासा म्हणाली. “ओडेलसाहेब, बाह्या वर करा.”

सगळे हसले. “अहो, अर्धाच शब्द आला तोंडातून,” मिस्टर ओडेल कुरकुरले.

“मग अर्धे कप धुवा.”

इनेसही हसली, आणि हसता हसता गुडघा चोळू लागली. खाई त्याला खवखवे.

चार दिवसांनी हार्टफर्डला, राज्याच्या विधानभवनात, सुनावणी होती. दीर्घ उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा असं विधेयक यायचं होतं, आणि समितीसमोर इनेस बोलणार होती, फलकावरची मुलगी म्हणून. जे येऊ शकत नव्हते त्यांनी दरवर्षीसारखे आपले बूट पाठवायचे होते. विधानभवनाच्या पायऱ्यांवर ते रांगेने मांडायचे. इनेसचे कोरे पांढरे बूट दरवर्षी सर्वांत वर असायचे, खोक्यासकट. माणूस खाटेवर, बूट पायरीवर.

थियाचे बूट आणायला इनेस तिच्या घरी गेली. थिया कोवाल्स्की तिच्याच वर्गातली. म्हणजे वर्गात असती तर. दोघी एकाच उन्हाळ्यात आजारी पडल्या, त्याच डॉक्टरांकडे गेल्या, त्याच गोळ्या खाल्ल्या. नाताळात विमा कंपनीने थियाचं औषध बंद केलं. आता तिच्या खिडकीवर घोंगडी ठोकलेली होती आणि अंधाऱ्या खोलीतही ती काळा चष्मा लावायची.

“हळू बोल,” थिया म्हणाली. “आज डोक्यात लोहार बसलाय.”

इनेस दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात जमिनीवर टेकली, गुडघा धरून. “आई गं.”

“कुठवर जातेस?”

“कुठे?”

“धावायला, बये. पोटऱ्या बघ तुझ्या, दगड झाल्यात. आणि केसांत पाइनच्या काड्या आहेत. पलंगावर पडून काड्या लागत असत्या, तर मी एव्हाना जंगल झाले असते.”

इनेसचा हात केसांकडे गेला. “खाडीपर्यंत,” ती शेवटी म्हणाली.

“आणि परत?”

“आणि परत.”

थियाने घोंगडी ठोकलेल्या खिडकीकडे मान वळवली. “कसं वाटतं?”

“छान,” इनेस म्हणाली आणि रडायलाच लागली.

“रडायचं तर बाहेर जा, मला आवाज सहन होत नाही.”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही गं सांगितलं.”

“वाटलंच असतं. दोन दिवस उशीत तोंड खुपसून तुला शिव्या दिल्या असत्या. मग विचारलं असतं, खाडीवर बदकं आली का.” तिने चष्मा सारखा केला. “पण तू माझ्यासमोर लंगडलीस, इनेस. माझ्याच खोलीत. शाळेत माझ्याबद्दल काय म्हणतात, ठाऊक आहे ना?”

इनेसला ठाऊक होतं.

“म्हण की.”

“नाटक करते म्हणतात.”

“विमावाले तेच जरा सभ्यपणे लिहितात. मी सगळ्यांना सांगत आले, अहो, असं नाटक कोण कशाला करेल? आणि तू करत होतीस.”

इनेसला कोणी थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. “गुरुवारी काय बोलू मग?” तिने विचारलं. “बरी झाले म्हटलं तर ते म्हणतील, बघा, आपोआप जातं. तुझं औषध कायमचं बंद होईल.”

“मला काय विचारतेस? धडधाकट तू आहेस, तू डोकं चालव. माझं दुखतंय.” थिया भिंतीकडे वळली. “गमबूट दारामागे आहेत. आणि जिना नीट उतर. मी ऐकतेय.”

पिवळे गमबूट छातीशी धरून इनेस नीट उतरली. लाकडी जिना होता. तिचं प्रत्येक सरळ पाऊल वर ऐकू जात होतं.

आईला सांगायचं ठरवून ती घरी आली. ग्रासाने केलची पालेभाजी आणि सॉसेज घातलेलं सूप समोर ठेवलं, जेवण झाल्यावर गरम पाण्याची पिशवी आणली आणि मुलीचा पाय मांडीवर घेऊन शेकू लागली. “गुरुवारी फार वेळ उभं राहावं लागेल राणी, आतापासून जपायला हवं.” इनेसने पाय काढून घेतला नाही. तोंडही उघडलं नाही. रोज हेच. पण बुधवारी शेक घेऊन झाल्यावर ती तळघरात गेली, बॉयलरमागचे बूट काढले आणि चिखल न झटकता, तसेच, पांढऱ्या बुटांच्या खोक्यात भरून ठेवले. तोंडाला धीर होत नव्हता, तर बुटांनी सांगावं.

हार्टफर्डच्या पायऱ्यांवर वारा बोचत होता. ग्रासाने इनेसचं खोकं सर्वांत वरच्या पायरीसाठी राखलं होतं, दरवर्षीसारखंच. तिने झाकण काढलं. एक बूट उलटा केला. झिजलेल्या तळावरून अंगठा फिरवला, तेव्हा वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा निघून पायरीवर पडला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“बर्फ होता तेव्हापासून.”

“मी काल तुझा गुडघा शेकला.”

“हो.”

“तू शेकून घेतलास.”

“हो, आई.”

ग्रासाने झाकण लावलं. खोकं काखोटीला मारलं. वरची पायरी रिकामीच राहिली. “तुला तीन मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “काय बोलायचं ते तुझं तू बघ.” आणि ती दुसऱ्यांचे बूट लावायला वळली.

आईने वर्षापूर्वी लिहून दिलेलं भाषण इनेसला तोंडपाठ होतं. समितीसमोर बसल्यावर त्यातलं एकही वाक्य तिने म्हटलं नाही. “मी बरी झालेय,” ती म्हणाली. मागच्या खुर्च्या करकरल्या. “कशाने, ते मला माहीत नाही. बाहेर पिवळे गमबूट आहेत ना, त्या मुलीला तोच आजार झाला, तेच डॉक्टर होते, त्याच गोळ्या होत्या. ती बरी झाली नाही. ती नाटक करत नाही. नाटक मी केलं, बरी झाल्यावर, आणि ते कसं असतं हे मला माहीत आहे, म्हणून सांगते, तिचं तसं नाही.”

समितीतल्या एका बाईंनी मऊ आवाजात विचारलं, “म्हणजे बाळा, तुझं दुखणं काळानेच गेलं, असंही असू शकतं?”

हाच तो प्रश्न. ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं.

“असू शकतं,” इनेस म्हणाली. टोकाला बसलेल्या गृहस्थांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. “आणि थियाचं जात नाहीये, हेही आहेच. मला कारण कळलं असतं तर मी आधी तिला जाऊन सांगितलं असतं.” पण त्या गृहस्थांनी तोवर पेनाला टोपण लावलं होतं.

विधेयक पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. मिस्टर ओडेल म्हणाले, दरवर्षी ढकलतात, तुझ्यामुळे नाही. बाकीचे पायऱ्यांवरचे बूट गोळा करत राहिले. परतताना गाडीत ग्रासाने रेडिओ लावला आणि कोणी ऐकला नाही.

शनिवारी इनेस गमबूट परत द्यायला गेली. थियाच्या आईने दार अर्धवट उघडलं. “आज ती कोणाला भेटत नाहीये.”

“माझ्यावर रागावलीय?”

“डोकं दुखतंय तिचं, इनेस.”

यातलं खरं काय, की दोन्ही, हे विचारायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही, असं इनेसला वाटलं. तिने गमबूट पायपुसण्यावर जोडीने ठेवले आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली. धावायला पाय होत नव्हता.

रविवारी चर्चच्या तळघरात जावंसं वाटत नव्हतं, तरी ती गेली. भिंतीवर फलकाच्या जागी फिकट चौकोन उरला होता. लोक पाव खात होते, कॉफी पीत होते, तिच्या अलीकडे पलीकडे बघत होते. ती दाराजवळच उभी राहिली, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. असं उभं राहणंही इथे उद्धटपणाचं वाटत होतं.

ग्रासा कॉफीच्या भांड्याशी होती. सुनावणीपासून ती ‘जेव’ आणि ‘दिवा मालव’ एवढंच बोलली होती. तिने मान वर केली आणि मुलीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पोटऱ्यांशी नजर थोडी जास्त रेंगाळली.

“बरी दिसतेस,” ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. मिस्टर ओडेलांचा पावाचा घास हातातच राहिला.

ग्रासाने बाह्या वर केल्या आणि कप गोळा करायला लागली. इनेस फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. आई धुवून देत होती, ती पुसत होती, दोघींपैकी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे कप झाले. खिळ्यावर एकच उरला, थियाचा, पिवळा. कितीतरी दिवसांत कोणी न वापरलेला. ग्रासाने तोही खाली काढला, साबण लावून आतून बाहेरून धुतला आणि इनेसच्या हातात दिला.