पाकीटबंद कुलूप

ओळख करून देतो, कारण मला कुणी ओळखत नाही. मी कुलूप. दाराचं नव्हे, तिजोरीचंही नव्हे. मी बंदुकीचं कुलूप. माझे दोन भाग आहेत. चापाच्या दोन्ही बाजूंनी ते दाबून बसवायचे, किल्ली फिरवायची, की झालं. मग चापापर्यंत बोट पोचत नाही. बुटाची नाडी बांधण्याहून सोपं काम. ते करायला एका सुशिक्षित घराला तीन वर्षं लागली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाली तपासनीस बाई होती. ती प्रत्येक कुलूप दहा वेळा लावायची, दहा वेळा उघडायची, कानाशी धरून 'खट्ट' ऐकायची आणि मगच पुढे सरकवायची. मला वाटायचं, बाहेरची माणसंही अशीच असणार. काय भाबडा होतो मी.

त्याच वर्षी नवा नियम निघाला होता. ज्याच्या घरी बंदूक, त्याच्या घरी कुलूप हवं. आणि बंदूकवाल्याचं वय सत्तरच्या पुढे असेल, तर डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखलाही हवा. नियम करणाऱ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली, विरोध करणाऱ्यांनी छाती बडवली, आणि दोघंही जेवायला गेले. मी मात्र दुकानाच्या काचेत टांगलेला राहिलो.

मला ज्यांनी विकत घेतलं त्यांना मी चिरंजीव म्हणतो. वय पन्नाशीचं, फरश्यांचं दुकान, आणि शस्त्रधारक संघटनेचं चिटणीसपद. गंमत म्हणजे ह्या चिटणिसाच्या स्वतःच्या नावावर साधी छऱ्याची बंदूकही नव्हती. रिव्हॉल्व्हर होतं ते त्यांच्या वडिलांचं. म्हातारा तीस वर्षं एका बँकेच्या दारात पहारेकरी होता. निवृत्त झाला, तरी पट्टा आणि रिव्हॉल्व्हर घरी राहिलं. त्या जोरावर चिरंजीव सभांमध्ये "आमच्या घराण्यात हत्यार आहे" असं बोलायचे.

घरी आणल्यावर सूनबाईंनी मला हातात घेतलं. त्या तपासणी केंद्रात रक्त काढायचं काम करत. सकाळपासून लोकांच्या शिरा शोधून आलेली बाई, तिला फालतू बडबड आवडत नसे.

"लावून टाका की आत्ताच," त्या म्हणाल्या.

"अगं, पाकीट फोडू नकोस. पोलीस तपासायला येतात तेव्हा कोरं करकरीत दिसलेलं बरं," चिरंजीव म्हणाले. "आणि चोर आला तर? तो काय मी कुलूप उघडेपर्यंत चहा घेत बसणार आहे?"

ह्या विनोदावर ते स्वतःच हसले. मग मला पाकिटासकट पुढच्या खोलीतल्या, स्वयंपाकघराच्या दारालगतच्या कपाटाच्या खणात टाकलं. त्या खणात मुदत संपलेली मलमं होती, बंद पडलेल्या मिक्सरचं हमीपत्र होतं, आणि कुठल्याच दाराला न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा होता. शेजारच्या खणात रिव्हॉल्व्हर, सहाही गोळ्या भरलेलं. आमच्या दोघांत एका फळीचं अंतर. तीन वर्षं आम्ही शेजारी राहिलो आणि आमची भेट झाली नाही.

दर वर्षी एक हवालदार यायचा. "कुलूप आहे?" "आहे ना." मला बाहेर काढायचे, पारदर्शक पाकिटातून दाखवायचे. हवालदार कागदावर बरोबरची खूण करायचा आणि निघून जायचा. मी लावलेला आहे की नाही, हे त्याने एकदाही विचारलं नाही. जणू औषध बाटलीत आहे म्हणून ताप उतरणार होता.

दर पंधरवड्याला पुढच्या खोलीत संघटनेची बैठक भरायची. मी खणाच्या फटीतून ऐकायचो. "आज कुलूप म्हणतात, उद्या बंदूकच काढून घेतील." "दाखला कशाला? आमचे वडील काय वेडे आहेत?" एकदा विरुद्ध बाजूचे एक प्राध्यापकही चर्चेला आले होते. त्यांनी तीस देशांची आकडेवारी वाचली. त्यांच्या पाठीमागे चार हातांवर भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं, पण त्यांना आकडेवारीतून मान वर काढायला सवड नव्हती. दोन्ही बाजूंनी घसा बसेपर्यंत भांडण केलं आणि बिस्किटं संपवली.

त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फक्त सूनबाईंच्या लक्षात आली. म्हातारा घसरत चालला होता. पायाने नव्हे, डोक्याने. दुपारी पट्टा बांधून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि विचारायचा, "पाळी बदलणारा आला का?" एके दिवशी त्याने चिरंजीवांना विचारलं, "तुम्ही चहा घेता का?" पोटच्या पोराला तुम्ही.

चिरंजीवांनी ते काय समजून घेतलं, सांगू? ते बायकोला म्हणाले, "बघ, चिटणीस झाल्यापासून बाबासुद्धा मला मान देतात."

सूनबाई म्हणाल्या, "अहो, मान कसला? त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही."

"तुझं आपलं काहीतरीच."

सूनबाईंनी दोनदा रिव्हॉल्व्हर माळ्यावर लपवलं. दोन्ही वेळा चिरंजीवांनी ते शोधून परत खणात ठेवलं, कारण परवान्याच्या कागदावर 'ठेवण्याची जागा' म्हणून तोच खण लिहिला होता. ह्या बाबतीत मात्र त्यांना कायदा अगदी प्राणाहून प्रिय.

मग परवान्याचं नूतनीकरण आलं, म्हणजे डॉक्टरचा दाखला आला. चिरंजीवांनी आठवडाभर जेवणाच्या टेबलावर वडिलांची शिकवणी घेतली. शंभरमधून सात वजा करत जा. तारीख सतरा, वार बुधवार, मुलाचं दुकान फरश्यांचं. म्हातारा बिचारा शाळकरी पोरासारखा घोकत बसायचा. चुकला की चिरंजीव कपाळाला हात लावायचे, आणि म्हाताऱ्याचा चेहरा पडायचा. त्याला कळत होतं की आपण कशात तरी नापास होतोय. कशात, ते कळत नव्हतं. मला त्याची फार दया यायची.

ऐनवेळी डॉक्टरांनी भेट एक दिवस पुढे ढकलली. कागदांच्या पिशवीत मलाही नेलं होतं, त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. डॉक्टर फोनवर कुणाशी तरी नव्या गाडीबद्दल बोलत होते. मध्येच फोनवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, आज वार कोणता?"

म्हातारा ताठ बसला आणि एका दमात म्हणाला, "बुधवार, तारीख सतरा, मुलाचं दुकान फरश्यांचं, शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी."

"वा, तल्लख आहेत," डॉक्टर म्हणाले आणि शिक्का मारला.

त्या दिवशी गुरुवार होता. ते डॉक्टरांच्याही लक्षात आलं नाही.

दाखल्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, चिरंजीव संघटनेची पत्रकं छापून घरी आले. मागच्या दाराने, डोक्यावर हेल्मेट तसंच. दाराशी खुर्ची टाकून म्हातारा बसला होता. पट्टा बांधलेला, आणि त्या दिवशी पट्ट्यात रिव्हॉल्व्हरही होतं. खण उघडून ते त्याने केव्हा घेतलं, हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला कोण विचारतंय.

"हेल्मेट काढा," म्हातारा उठून म्हणाला. "असं आत जाता येणार नाही."

चिरंजीव हसले. "बाबा, मी आहे." आणि पुढे झाले.

म्हाताऱ्याने रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्या छातीवर धरलं. एरवी त्याला पेला धरताना कापरं भरायचं. आता हात दगडासारखा स्थिर होता.

चिरंजीवांनी हेल्मेट काढलं. घामाने चेहरा भिजला होता. म्हाताऱ्याने तो चेहरा नीट न्याहाळला आणि विचारलं, "ओळखपत्र?" चिरंजीवांजवळ दुसरं काही नव्हतं. त्यांनी हातातलं पत्रक पुढे केलं. त्यावर त्यांचाच फोटो होता, मूठ वळलेला. म्हाताऱ्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"हा माणूस वेगळा आहे," तो म्हणाला, आणि त्याचं बोट चापावर आलं.

तीन वर्षं पुढच्या खोलीत गर्जना करणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हात वर केले. मी खणाच्या फटीतून बघत होतो, पाकिटातच, किल्ली माझ्याच पाठीला चिकटपट्टीने लावलेली होती, आणि मी काहीही करू शकत नव्हतो. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

सूनबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. अंगात पांढरा कोट, त्यावर नावाचा बिल्ला. त्या आतून दारात आल्या, त्यांनी पाहिलं, आणि ओरडल्या नाहीत. शांतपणे चालत म्हाताऱ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"मी आले," त्या म्हणाल्या. "पाळी बदलली. हत्यार माझ्याकडे जमा करा."

म्हाताऱ्याने बिल्ला पाहिला. "उशीर केलात," तो म्हणाला. नळी जमिनीकडे वळवली, गोळ्यांची चक्री उघडली, सहाही गोळ्या टेबलावर ओळीने उभ्या केल्या आणि रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. "सही करा."

सूनबाईंनी एका पत्रकाच्या मागे लिहिलं: एक रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्या, जमा. तारीख घातली, वेळ घातली, सही केली. म्हाताऱ्याने कागदाची घडी खिशात ठेवली आणि तो आत जाऊन झोपला. मग त्यांनी खण ओढला, माझं पाकीट दातांनी फाडलं आणि मला चापावर बसवून किल्ली फिरवली. खट्ट. त्यानंतर त्या तिथेच फरशीवर बसल्या.

चिरंजीव दोन पेले पाणी प्यायले. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने? "हे बाहेर कुठे बोलू नकोस. उद्या सभा आहे."



दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा अगदी लख्ख जागा होता. त्याचे असे दिवस अजून अधूनमधून यायचे. खिशातला कागद उलगडून तो न्याहारीला बसला.

"सूनबाई, हे अक्षर तुझं. मी हत्यार का जमा केलं?"

त्यांनी काल घडलं ते सांगितलं.

"कुणावर धरलं होतं?"

"कुणावर नाही हो बाबा," चिरंजीव घाईघाईने म्हणाले.

"ह्यांच्यावर," सूनबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. न्याहारी अर्धी टाकून उठला. "चल रे," तो म्हणाला. "ठाण्यात जाऊन देऊन येऊ. आज मला कळतंय तोवर जाऊ."

चिरंजीव काहीतरी पुटपुटले, सभा वगैरे. म्हाताऱ्याने चपला घातल्या होत्या.

ठाण्यात तोच हवालदार होता. मला रिव्हॉल्व्हरवर लावलेला पाहून तो चकित झाला. "अरे वा, खरंच बसतं की हे," म्हणाला. मग त्याने अर्ज पुढे सरकवला. शस्त्र परत करण्याचं कारण: विक्री, हस्तांतरण, धारकाचा मृत्यू. शहाण्यासुरत्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून काढलेल्या कायद्याला माणूस बंदूक का सोडतो ह्याची तीनच कारणं सुचली होती. खाली 'इतर' म्हणून बोटभर जागा होती.

म्हाताऱ्याचा हात कापत होता, म्हणून पेन चिरंजीवांनी घेतलं.

"लिही," म्हातारा म्हणाला. "मी माझ्या मुलावर रिव्हॉल्व्हर रोखलं. तो मला ओळखू आला नाही."

चिरंजीव थांबले. हवालदार म्हणाला, "जागा कमी आहे साहेब, थोडक्यात लिहा. नुसतं 'तब्येत' लिहिलंत तरी चालेल."

सुटायची वाट समोर होती. मला वाटलं, हे गृहस्थ ती घेणार. आजवर घेतच आले होते. पण चिटणिसांनी सगळं वाक्य लिहिलं. अक्षर बारीक करत, कडेच्या कोऱ्या जागेत वळवत, एकही शब्द न गाळता. त्याला वेळ लागला, कारण डोळे भरले की ओळ दिसत नाही. शेजारी म्हातारा काउंटरवर कोपर टेकून लेखणीकडे बघत होता, आणि बघता बघता त्याची नजर पुन्हा धुकट झाली.

"अक्षर सुंदर आहे हो तुमचं," तो कौतुकाने म्हणाला. "कुणाचे तुम्ही?"

"तुमचाच, बाबा," चिरंजीव म्हणाले.

आता मी ठाण्याच्या लोखंडी कपाटात आहे, रिव्हॉल्व्हरला कवटाळून. खालच्या फळीवर माझी भावंडं आहेत, वीसेक असतील, जप्त केलेल्या बंदुकांबरोबर आलेली. सगळी पाकिटात, कोरी करकरीत. प्रत्येकाच्या बंदुकीला एक चिठ्ठी बांधलेली आहे. त्या बंदुकीने कुणाच्या घरी काय केलं ते तिच्यावर लिहिलेलं असतं; मी वाचत नाही.

बाहेर तुमचा वाद चालूच आहे म्हणे. चालू द्या, त्यात तुमचा हात कोण धरणार. फक्त बोलायला बसण्याआधी एकदा आत जाऊन या. तुमचं माणूस खण उघडून बसलेलं असेल, तर मी आतून हाक मारू शकत नाही.