बहिणीच्या पायात रुळलेली वहाण

“ज्याची वहाण त्यानंच रुळवावी, पोरी. दुसऱ्याच्या पायात रुळलेली वहाण चावती.”

म्हसवडच्या जालिंदरमामांनी हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर होते. शेवटचा खिळा ठोकायचा राहिला होता. अपेक्षाताईनं ते हसण्यावारी नेलं. खरं सांगते मित्रांनो, मीही नेलं. नवी होते ना!

आता मी एक जुनी वहाण आहे. डाव्या पायाची. मेंढरांमागं माळ तुडवणाऱ्यांसाठी मामा जशा वहाणा करतात, तशीच माझी घडण. चामड्याचे तीन थर, खाली टायरचा तळ, टाचेमागं पट्टा. बाभळीचा काटा माझ्यातून वर येत नाही. म्हणून तर माझी निवड झाली. ताईचा धाकटा भाऊ भूषण भिक्खू झाला होता आणि धम्म सांगायला युगांडाला निघाला होता. तिथं गावोगाव पायी फिरायचं होतं. ताईनं साताऱ्याच्या दुकानांतले बूट वाकवून वाकवून पाहिले. एकाचाही तिला भरवसा वाटेना.

पण एक अडचण होती. जाड तळाची कोरी वहाण भिक्खूनं घालायची नाही, कुणी वापरून दिलेली चालते, असा त्यांच्यात जुना नेम आहे.

“मग मीच घालते की महिनाभर,” ताई म्हणाली. “आमची पावलं एका मापाची हायत.”

त्यावर मामा ते वाक्य बोलले.

“आवं मामा, चामड्याला काय कळतंय कुणाचा पाय ते?”

चामड्याला कळतं. लोणंदला ताईच्या डाव्या कडेवर सदा तिची वर्षाची लेक असायची. गिरणीत, बाजारात, दवाखान्यात. दोघींचा भार माझ्यावर. महिन्याभरात माझा तळ एका अंगाला दबला आणि पट्ट्यानं तिच्या टाचेचा आकार धरला. मग तिनं मला आणि माझ्या जोडीच्या उजवीला तेल लावलं, भावापुढं ठेवलं आणि वाकून वंदन केलं. लहानपणी ज्याच्या पाठीत धपाटे घातले, त्याला ती आता ‘भंते’ म्हणत होती.

युगांडात तांबडी माती आणि पाऊस. भंते रोज दोन-तीन तास चालायचे. तिथले लोक माझा तळ दाबून बघायचे आणि माना डोलवायचे. मला बरं वाटायचं. पण भंतेंची टाच मी रोज सोलत होते. आधी फोड आला, मग जखम झाली, मग ती चिघळली. मी सैल पडायला किती बघितलं! पण माझ्यात ताईचं पाऊल मुरलं होतं. भंते टाचेला चिंधी बांधायचे आणि पुन्हा मलाच घालायचे. बहिणीनं महिनाभर चालून दिलेली वहाण कोण टाकेल?

दर रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल यायचा.

“वंदामि भंते. बरं हाय नव्हं?”

“बरं हाय, ताई.”

ती त्यांचे डोळे निरखायची, गाल निरखायची. वाळलाय का, झोपतो का, सगळं विचारायची. पायांचं मात्र कधीच नाही. फोनमध्ये चेहराच दिसतो.

एका रविवारी भंतेंच्या अंगात ताप होता. बोलता बोलता पायरीवर त्यांचा तोल गेला. फोन हातातून सुटला आणि माझ्याशेजारी पायरीला टेकून पडला, कॅमेरा टाचेकडं. पलीकडून ताई ओरडली,

“भूषण! टाचंला काय झालंय रं? गधड्या, बरं हाय म्हणत होतास नव्हं? ऊठ! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. फोन बंद करायचा न्हाई!”

भंते पायरीवरच बसले. “ताई,” ते म्हणाले, “लय दुखतंय गं.”

पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. आता त्यांच्या पायात कुणीतरी वापरून दिलेली मऊ, रुंद वहाण आहे. मी विहाराच्या मागच्या दाराशी पडून असते. पट्टा कापलेला, तळ अजून शाबूत. टिकाऊ होते, ते खरंच. पण टिकण्याचाही थकवा येतो.

मित्रांनो, मी आता कुठं चालत जाणार नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्या घरचं कुणी लांब असेल, शिरवळच्या कारखान्यात, फौजेत नाहीतर परदेशात, आणि दर वेळी ‘बरं हाय’ म्हणत असेल, तर आज त्याला फोन लावा. चेहरा बघून झाला की म्हणा, “फोन जरा खाली धर. पाय दाखव.”